केवढी आहे ते नंतर, आधी कुठून आलीय ते बघा: पोटातल्या बाळाच्या हिरडीवरच्या गाठीची एक केस

ही केस लिहून काढायची बरेच दिवस मनात होतं. तोंडातून गाठ बाहेर आलेलं बाळ सोनोग्राफीत दिसणं हे माझ्यासारख्या दिवसभर पोटातली बाळंच बघत बसणाऱ्या माणसालाही उभ्या करिअरमध्ये एखाद-दोनदाच होतं, आणि होतं तेव्हा पहिली पाच-दहा मिनिटं हातपाय गार पडतात हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. आईबाबांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

पेशंट २९ वर्षांच्या, दुसरी खेप, पहिलं मूल ठणठणीत. २० व्या आठवड्याची अ‍ॅनोमली स्कॅन (बाळात काही व्यंग नाही ना ते बघणारी सोनोग्राफी) मीच केलेली, चेहरा, ओठ, नाक, हनुवटी सगळं नीट दिसलेलं आणि रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं. मधल्या काळात शुगरची तपासणी झाली, नॉर्मल. मग ३३ व्या आठवड्यात पोट दिवसांच्या मानाने जास्तच मोठं वाटतंय, रात्री कुशीवर झोपलं तरी दम लागतो म्हणून त्यांच्या गायनॅक मॅडमनी ग्रोथ स्कॅनला पाठवलं.

प्रोब ठेवला आणि सगळीकडे पाणीच पाणी. चारही खणांतलं मोजून बेरीज केली तर २७ सेंटीमीटर, २५ च्या पुढे गेलं की आपण जास्त म्हणतो. बाळाचं वजन दिवसांना धरून होतं. जठराचा काळा फुगा दिसत होता पण अगदी एवढासा. आता पोटातलं बाळ पाणी गिळतं, लघवी करतं, तेच पाणी परत गिळतं, हा रहाटगाडगा चालूच असतो, त्यात गिळणं अडलं की पाणी साठत जातं. त्यामुळे शुगर नॉर्मल, पाणी जास्त आणि जठर बारीक असं तिन्ही एकत्र दिसलं की नजर आपोआप बाळाच्या तोंडाकडे, मानेकडे आणि छातीकडे वळते.

चेहऱ्यावर गेले तर ओठांच्या पुढे काहीतरी गोल. मला वाटलं मूठ आहे, बाळं सतत मूठ तोंडाशी धरून असतात आणि मुठीने आत्तापर्यंत मला शंभरदा फसवलंय. बोटं मोजायला गेले तर एक हात मांडीपाशी, दुसरा कानामागे. मग म्हटलं नाळेचा वेढा असेल, कलर डॉपलर लावला, म्हणजे वाहणारं रक्त किंवा पाणी रंगात दिसतं. नाळेत तीन नळ्या पिळलेल्या दोरीसारख्या दिसतात, तसं काही नव्हतं, एकच जाडसर शीर मागून आत शिरलेली आणि आत गेल्यावर तिला झाडासारख्या फांद्या फुटलेल्या. मग जीभ. बेकविथ-वीडमनसारख्या सिंड्रोममध्ये जीभ मोठी होऊन बाहेर येते. पण जीभ तर मागे वेगळी दिसत होती, आपल्या जागी, आपल्या आकाराची. म्हणजे मूठ नाही, नाळ नाही, जीभ नाही. गाठ.

माप ३.२ बाय २.७ बाय २.५ सेंटीमीटर. ऐकायला लिंबाएवढी वाटते, पण ज्याच्या डोक्याची रुंदीच सव्वाआठ सेंटीमीटर आहे त्याच्या तोंडात ती आहे हे लक्षात घ्या. थ्री-डी लावलं असतं तर चित्र फार भयंकर दिसलं असतं, आणि समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीवर आई बघत होत्या. मी थ्री-डी लावलं नाही. तो निर्णय बरोबर होता असं मला अजून वाटतं, निदान त्या दिवसापुरता तरी.

आता इथे माझं मुख्य म्हणणं. अशी गाठ दिसली की सगळे आधी तिची लांबी-रुंदी मोजतात (मीही तेच केलं), रिपोर्टमध्ये पहिली ओळ मापाची येते, पुढचे डॉक्टर माप वाचून घाबरतात, घरचे माप ऐकून घाबरतात. पण या बाळाचं पुढे काय होणार हे मापावर फार कमी ठरतं. गाठ कुठून उगवलीय, तिचा देठ कुठे रोवलाय, यावर जवळपास सगळं ठरतं. टाळूतून (डोक्यावरची नव्हे, तोंडाच्या आतली) किंवा त्याच्या वर कवटीच्या तळातून आली असेल तर तो एपिग्नॅथस म्हणजे टेराटोमा असण्याची भीती, त्यात चरबी, हाड, पाण्याच्या पिशव्या असली सगळी खिचडी असते, कॅल्शियमचे पांढरे ठिपके दिसतात आणि कधीकधी ती वर मेंदूकडेही पसरलेली असते. नाकाच्या मुळाशी असेल तर मेंदूचा भाग आवरणासकट बाहेर आलेला नाही ना, म्हणजे एन्सेफॅलोसील नाही ना, ते बघावं लागतं. जिभेखालून किंवा मानेतून वर आलेली आणि आत पाण्याचे कप्पे असलेली असेल तर लिम्फॅटिक मालफॉर्मेशन, म्हणजे लसीकावाहिन्यांची गाठ, ती श्वासनलिकेभोवती गुंडाळलेली असू शकते. आणि हिरडीवरून, पुढच्या बाजूने, बारीक देठाने लटकलेली, आतून एकसारखी असेल तर ती बहुतेक एपुलिस, जिला पूर्ण नावाने जन्मजात ग्रॅन्युलर सेल एपुलिस म्हणतात, आणि ती साधी असते. पसरत नाही, कापल्यावर परत येत नाही, कॅन्सरमध्ये बदलत नाही.

म्हणजे देठ शोधायचा. आणि देठ काही स्थिर चित्रात दिसत नव्हता, गाठ ओठांवर आडवी पसरलेली, मागचं सगळं झाकलेलं. मी पेशंटना म्हटलं, "जरा फिरून या, पाणी प्या, आणि वीस मिनिटांनी डाव्या कुशीवर झोपा." त्यांनी विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का डॉक्टर?" मी म्हटलं, "बाळाच्या तोंडापाशी काहीतरी दिसतंय, नीट बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही, पण लपवणारही नाही." हे वाक्य मी वर्षानुवर्षं वापरते आणि प्रत्येक वेळी ते मला अपुरं वाटतं.

वीस मिनिटांनी बाळाने जांभई दिली. यात नशिबाचा भाग किती ते देव जाणे, पण त्या जांभईच्या चार सेकंदांत सगळी केस उलगडली. खालचा जबडा खाली गेला, जीभ गाठीच्या मागे पुढे-मागे हलली, आणि गाठ जागची हलली नाही. ती वरच्या जबड्याला चिकटून राहिली. क्लिप सेव्ह केली, मग एकेक फ्रेम मागे-पुढे करत बसले, आणि एका फ्रेममध्ये वरच्या हिरडीपासून, मध्यापासून किंचित उजवीकडे, सुळ्याचा दात पुढे जिथे येतो साधारण तिथून, सात मिलिमीटरची एक बारीक मान निघून गाठीत शिरताना दिसली. कलर लावल्यावर ती जाड शीर त्याच मानेतून जात होती. टाळू वर अखंड रेघेसारखा. ही जागा एपुलिसची अगदी ठरलेली जागा आहे, खालच्या हिरडीपेक्षा वरच्या हिरडीवर ती दोन-तीन पट जास्त वेळा होते आणि बरोबर मध्यावर न होता थोडी बाजूला, सुळ्याच्या किंवा त्याच्या शेजारच्या दाताच्या जागी होते.

दुसरी एक गोष्ट बघितली, ती बरेच जण बघत नाहीत. बाळ पोटात श्वासाच्या हालचाली करतं तेव्हा नाकातून पाणी आत-बाहेर होतं आणि कलर डॉपलरवर ते नाकपुड्यांपाशी लाल-निळं लुकलुकताना दिसतं. दोन्ही नाकपुड्या लुकलुकत होत्या. जन्मल्यावर बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, तोंड बंद असलं तरी चालतं, त्यामुळे ते लुकलुकणं बघून माझ्या जिवात जीव आला.

मग बोलायची वेळ. मिस्टर आत आले, पहिला प्रश्न तोच, "कॅन्सर आहे का?" मी म्हटलं, जे दिसतंय त्यावरून हिरडीवरची साधी गाठ असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे, तिला एपुलिस म्हणतात, पण शंभर टक्के नाव काढल्यावर स्लाइड बघूनच देता येतं. हेही सांगितलं की वरच्या जबड्याच्या पुढच्या भागात एक दुसरी गाठ होऊ शकते, मेलानोटिक न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमर नावाची, पण ती बहुतेक वेळा जन्मानंतर पहिल्या वर्षात वाढते, हाड खात जाते आणि तिला असा बारीक देठ नसतो. हे दुसरं सांगायची गरज होती का यावर आमच्यातच एकमत नाही. माझं मत, सांगावं, नाहीतर रात्री फोनवर शोधताना त्यांना तेच नाव सापडतं आणि मग डॉक्टरने लपवलं असं होतं.

आईंचा प्रश्न वेगळा होता. "विसाव्या आठवड्याला तुम्हीच बघितलं होतं ना?" आवाज चढवून नाही, सरळ. मी जुनी स्कॅन मशीनवर उघडली आणि तिघांनी मिळून बघितली. तोच बाजूचा चेहरा, ओठ मिटलेले, पुढे काही नाही. मग समोरून, वरचा ओठ अखंड, हिरडीची कमान गुळगुळीत. ही गाठ बहुतेक वेळा शेवटच्या तिमाहीतच वाढते, २० व्या आठवड्याला ती नसतेच किंवा दिसण्याएवढी नसते, बहुतेक केसेस २६ व्या आठवड्यानंतर आणि कित्येक तर थेट जन्मल्यावरच लक्षात येतात. म्हणजे "अ‍ॅनोमली स्कॅन नॉर्मल" आणि "३३ व्या आठवड्याला गाठ" हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तोंडी समजावत बसले असते तर ती सफाई वाटली असती, फोटो बघितल्यावर आई नुसत्या "हं" म्हणाल्या. आणि मग हळू आवाजात, "माझ्याकडून काही चुकलं का, औषध वगैरे?" नाही. का होते ते अजून कुणालाच ठाऊक नाही, आईच्या खाण्यापिण्याशी, औषधाशी किंवा घराण्याशी काही संबंध सापडलेला नाही. मुलींमध्ये मुलांपेक्षा आठ ते दहा पट जास्त होते आणि आईपासून वेगळं झाल्यावर तिची वाढ थांबते, त्यामुळे आईच्या हार्मोनचा हात असेल असं वाटणं साहजिक आहे, पण गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर (हार्मोन जिथे येऊन चिकटतं त्या जागा) शोधले तर सहसा मिळत नाहीत, म्हणजे तोही धागा तिथे तुटतो.

थोडं विषयांतर. ही गाठ पहिल्यांदा १८७१ मध्ये अर्न्स्ट नॉयमन या जर्मन पॅथॉलॉजिस्टने वर्णन केली, म्हणून जुने लोक नॉयमन ट्यूमर म्हणतात. रक्त हाडांच्या मगजात तयार होतं हे १८६८ मध्ये सांगणारा तोच हा माणूस. एपुलिस शब्द मात्र ग्रीक, अर्थ नुसता "हिरडीवरचं", म्हणजे नावातच जागा सांगितलीय, मी वर एवढी पानं भरून जे म्हणतेय ते त्या शब्दात आधीच आहे.

३४ व्या आठवड्यात एमआरआय केला. कशासाठी, तर सोनोग्राफीत गाठीच्या मागची सावली, बाळाची मान वाकलेली, वरून पाणी जास्त, त्यामुळे घसा आणि श्वासनलिका मला मनासारखी दिसली नव्हती. एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं आणि गरोदरपणात इंजेक्शनचं कॉन्ट्रास्ट आपण देत नाही, बाळ हलतं म्हणून एकेक चित्र सेकंदाभरात काढून घेणारे सिक्वेन्स वापरतात, तरी चार वेळा परत घ्यावं लागलं. टी-टू चित्रात पाणी पांढरंशुभ्र, त्यात गाठ एकसारखी करडी, आत ना पिशव्या ना चरबी. टाळू पूर्ण, त्याच्या वर काही नाही, मेंदू नॉर्मल, आणि ज्याच्यासाठी आलो होतो ती श्वासनलिका पाण्याने भरलेली, पांढऱ्या सरळ पट्टीसारखी घशापासून छातीपर्यंत. रेडिओलॉजिस्ट मित्राने फोन करून एवढंच सांगितलं, "पट्टी सलग आहे." मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

३६ व्या आठवड्यात परत बघितलं. गाठ ३.८, पाणी २९. आईंना बसवत नव्हतं, पण कळा नव्हत्या, गर्भाशयाचं तोंड बंद होतं, म्हणून पाणी सुईने काढायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

त्याच आठवड्यात सगळे एका टेबलाशी बसले, गायनॅक, भूलतज्ज्ञ, बाळांचे डॉक्टर, पेडियाट्रिक सर्जन, ईएनटी आणि मी. वाद एकाच गोष्टीवर, एक्झिट करायचं की नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक्झिट म्हणजे सिझर करून बाळाचं डोकं आणि खांदे बाहेर काढायचे पण नाळ कापायची नाही, वार गर्भाशयाला चिकटलेलीच ठेवायची, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला ऑक्सिजन मिळत राहतो आणि तेवढ्या वेळात डॉक्टर बाळाच्या श्वासनलिकेत ट्यूब घालतात. मुळात हे १९९० च्या दशकात वेगळ्याच कामासाठी निघालं, छाती आणि पोटामधल्या पडद्याला भोक असलेल्या बाळांची श्वासनलिका पोटात असतानाच बंद करत आणि ती जन्माच्या वेळी उघडायला असा वेळ लागत असे. मानेच्या मोठ्या गाठींसाठी, एपिग्नॅथससाठी हे जीव वाचवणारं आहे. पण फुकट नाही. बाळंत झाल्यावर गर्भाशय आवळतं म्हणून रक्त थांबतं, आणि एक्झिटमध्ये आपण ते मुद्दाम खोल भूल देऊन सैल ठेवतो, म्हणजे आईचा रक्तस्राव आपण स्वतःहून ओढवून घेतो.

ईएनटी सर म्हणाले, चार सेंटीमीटर आहे, तोंड भरलंय, मी एक्झिट धरून चाललोय. मोठ्या एपुलिससाठी एक्झिट केल्याचं लिहिलेलंही आहे, त्यामुळे ते काही हवेत बोलत नव्हते. भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, पूर्ण भुलेखाली सैल गर्भाशय आणि त्यात २९ पाणी, मला आईची काळजी जास्त आहे. मग माझी क्लिप लावली. जांभईची. दोनदा, तीनदा, संथ करून. गाठ पुढे आहे, तिचा मोठा भाग ओठांच्या बाहेर आहे, मागे जीभ मोकळी हलतेय, नाकातून पाणी येतंय-जातंय, श्वासनलिका सरळ आहे. सर काही वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग ही अडवत नाहीये, ही नुसती लटकतेय." तिथे एक्झिट रद्द झालं.

पण रद्द म्हणजे बिनधास्त नाही. ठरलं असं की ३८ व्या आठवड्यात ठरवून सिझर, आईला कमरेतून इंजेक्शन, आणि बाळासाठी शेजारी दुसरी पूर्ण टीम. गाठ लहान आणि मऊ असली तर नॉर्मल डिलिव्हरीही होते, सिझर केवळ एवढ्यासाठी की सहा जण एकाच वेळी तिथे हजर असतील अशी वेळ रात्री तीन वाजता आपोआप येत नाही. पायऱ्या कागदावर लिहून भिंतीला लावल्या. बाळ रडलं आणि गुलाबी राहिलं तर कुणी काही करायचं नाही, नुसतं कुशीवर ठेवायचं म्हणजे गाठ वजनाने मागे न पडता बाजूला लोंबेल. दम लागला तर बोटाने गाठ वर उचलायची. मास्क नीट बसणार नाही हे गृहीत धरायचं, कारण गाठ बाहेर आहे. मग व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घशाचा आतला भाग कॅमेऱ्याने दाखवणारं हत्यार), ट्यूब, तेही नाही जमलं तर ईएनटी सर रिजिड ब्रॉन्कोस्कोप, म्हणजे श्वासनलिकेत घालायची ताठ नळी, हातात घेऊन उभे, आणि सगळ्यात शेवटी गळ्याला छेद. शिवाय देठ बांधायचा दोरा ट्रेमध्ये तयार, अगदीच वेळ आली तर देठ बांधून गाठ तिथेच काढता येते. टाळूतल्या गाठीच्या बाबतीत ही सोय नसते. परत तेच, कुठून आलीय.

सिझरच्या दिवशी कागदाची पहिलीच ओळ लागली. मुलगी, ३ किलोला थोडी कमी, बाहेर येता येता रडली, तो आवाज नेहमीसारखा नव्हता, तोंडात काहीतरी धरून रडल्यासारखा घोगरा, पण रडली. ऑक्सिजन आधी ८० च्या घरात, दहा मिनिटांत ९५ च्या वर, जसं कुठल्याही बाळाचं होतं. गाठ प्रत्यक्षात सोनोग्राफीपेक्षा खूप सौम्य दिसते हे मला त्या दिवशी कळलं, गुलाबी, गुळगुळीत, ओली चकचकीत, मधे एक खाच, घट्ट रबरासारखी. आत पांढरट भाग, तिथे ओठांचा दाब पडून साल गेलेली. उचलली की खाली वरच्या हिरडीत शिरणारा देठ स्पष्ट. आईंना टेबलावरच दाखवली, त्यांनी बाळाच्या कपाळाला हात लावला आणि गाठीकडे बघून म्हणाल्या, "एवढीच?" त्या दीड महिन्यापासून नेटवरचे फोटो बघत होत्या, त्यांच्या डोक्यात बाळाचा चेहराच नव्हता, नुसती गाठ होती. थ्री-डी न दाखवण्याबद्दल माझं मत तेव्हा जरा डळमळलं. कदाचित ३६ व्या आठवड्यात, सगळं स्पष्ट झाल्यावर, दाखवायला हवं होतं.

श्वासाचा प्रश्न आला नाही, दुधाचा आला. ओठ मिटत नव्हते, त्यामुळे अंगावर ओढता येत नव्हतं. आईचं पहिलं चीकदूध पिळून काढून नळीने दिलं, आणि ही नळी नेहमीच्या सवयीने नाकातून घालायला निघालेल्या सिस्टरना बाळांच्या डॉक्टरांनी थांबवलं, कारण दोन नाकपुड्यांवर जगणाऱ्या बाळाची एक नाकपुडी आपणच बंद करणार. तोंडातूनच घातली, गाठीच्या डाव्या कडेने. छोटी गोष्ट आहे, कुठल्या कागदावर लिहिलेली नव्हती.

आणि तपासताना खालच्या हिरडीवर डावीकडे एक चार मिलिमीटरची दुसरी गाठ सापडली, मोहरीपेक्षा थोडी मोठी. दहातल्या एका बाळात एकापेक्षा जास्त असतात हे मला माहीत होतं, तरी मी पोटात असताना ती शोधलीही नव्हती.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. थांबता आलं असतं का? या गाठी जन्मानंतर वाढत नाहीत, बऱ्याचशा हळूहळू आकसतात, आणि लहान असेल, दूध पिता येत असेल तर नुसतं लक्ष ठेवणं हाही पूर्ण उपचार आहे. इथे दूधच जात नव्हतं, म्हणून काढायची. भूल देताना मॅडमनी बाळाचा श्वास चालू ठेवूनच वायूने झोपवलं, गाठीभोवती ओल्या गॉझचं वेटोळं करून वर मोठ्या मापाचा मास्क बसवला, आणि लॅरिंगोस्कोप नेहमीच्या उजव्या बाजूने न घालता डावीकडून घातला कारण उजवीकडे गाठ. पहिल्या प्रयत्नात ट्यूब गेली. सर्जननी देठ हिरडीलगत कॉटरीने (विजेच्या उष्णतेने कापणाऱ्या हत्याराने) कापला, खोल गेले नाहीत, खाली दाताचे कोंब असतात आणि थोडी गाठ मागे राहिली तरी ती परत वाढत नाही, त्यामुळे मार्जिन-बिर्जिन, म्हणजे गाठीभोवतीचा चांगला भागही, घ्यायचा मोह टाळायचा. रक्त दोन-तीन मिली. विरघळणारे दोन टाके. खालची छोटी गाठ तशीच ठेवली. कापायला लागलेला वेळ भुलेच्या तयारीच्या निम्माही नव्हता. संध्याकाळी बाळ अंगावर प्यालं.

गाठ ४.१ सेंटीमीटर, २२ ग्रॅम. स्लाइडवर मोठ्या बहुकोनी पेशी, आतलं सगळं गुलाबी दाणेदार, केंद्रक छोटंसं एका बाजूला, मधून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, वरची त्वचा पातळ आणि सपाट. पेशी कुठल्या जातीच्या ते सांगणाऱ्या प्रथिनांच्या तपासणीत एस-१०० निगेटिव्ह, व्हायमेंटिन पॉझिटिव्ह. हे एस-१०० का महत्त्वाचं, तर मोठ्या माणसांत जिभेवर वगैरे ग्रॅन्युलर सेल ट्यूमर होतो, अब्रिकोसॉफने १९२६ मध्ये सांगितलेला, पेशी दिसायला अगदी अशाच, पण तो नसांच्या आवरणातून येतो आणि एस-१०० पॉझिटिव्ह असतो. बाळाच्या गाठीचं कूळ त्याच्याशी जुळत नाही. मग तिचं कूळ कुठलं यावर पॅथॉलॉजीवाल्यांमध्ये अजून वाद आहे.

पुढचं फारसं काही नाही. सहा आठवड्यांनी हिरडी गुळगुळीत, खालची मोहरी अर्धी झालेली. चार महिन्यांनी तीही गेली. अकराव्या महिन्यात मिस्टरांनी फोटो पाठवला, वरचे पुढचे दात आलेले, उजवीकडचा जरा तिरका, खाली लिहिलं होतं, "तुमच्या जागेवर दात."

तो फोटो आल्यावर मी ३३ व्या आठवड्याच्या क्लिप्स परत उघडल्या, खालची गाठ शोधायला. जांभईच्या क्लिपमध्ये जबडा पूर्ण खाली गेलेला असताना दोन फ्रेम अशा आहेत की डावीकडे खालच्या हिरडीवर बारीक उंचवटा आहे असं वाटतं. शेजारच्या सहकाऱ्याला काही न सांगता तीच क्लिप दाखवली. तो म्हणाला, "वरची गाठ मस्त दिसतेय, देठासकट." खालचं त्याला काही दिसलं नाही.